गाभाऱ्यापासूनचे अंतर

पोर्शे ९११ बाळगणारा मारुतीवाल्याला कधी हिणवत नाही. मारुतीवाला त्याच्या हिशेबातच नसतो. सिग्नलला शेजारी ऑल्टो येऊन उभी राहिली, तर हा तिच्याकडे बघेल तो फार तर आपला आरसा घासला जाऊ नये म्हणून. पण त्याच कंपनीची, तोच बिल्ला कपाळावर लावलेली, किमतीला जरा उतरती बॉक्सस्टर शेजारी आली की मान ताठ होते. ती 'खरी' पोर्शे नव्हे, हे मत जगभरच्या पोर्शेवाल्यांत इतके मुरले आहे की बॉक्सस्टरवाल्यालाही ते पाठ असते, आणि त्यावरची उत्तरेही त्याच्या खिशात तयार असतात. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच ही खोड हेरली होती. साध्या शिपायाला सेनापतीचा हेवा वाटत नाही, त्याच्या डोळ्यांत सलतो तो हवालदार. तोऱ्याचेही तसेच आहे. तो दाखवायचा तर समोरचा जवळपास आपल्याच पायरीवर लागतो. आपल्याकडचा कीर्तनकार यावर ठरलेले उत्तर देईल, की हा सगळा धनाचा मद आहे, गाडीची आसक्ती सोडा म्हणजे तोरा सुटेल. हे उत्तर ऐकायला बरे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. माणसाचा तोरा वस्तूला फारसा चिकटलेला नसतो. तो चिकटतो एका कल्पित गाभाऱ्याला, आणि त्या गाभाऱ्यापासून कोण किती हातांवर उभा आहे या मोजणीला. म्हणूनच वस्तू टाकून बसलेल्यांतही तो तितक्याच जोमाने वाढतो, आणि याचा सर्वांत बोलका दाखला हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी गावाच्या संतकवीच्या कथेत आहे. त्या कथेकडे जायचेच आहे, पण आधी मोटारींकडे नीट पाहिले पाहिजे, कारण तिथे ही मोजणी उघड्यावर चालते.

९११ श्रेष्ठ का, असे विचारले की पहिली सबब येते ती इंजिनाच्या जागेची. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने मांडली गेली. मधल्या शून्यावर प्यूजोने हक्क सांगितला आणि ती ९११ झाली. तेव्हापासून तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले आहे. बॉक्सस्टरचे इंजिन चालकाच्या पाठीशी, पण मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे मध्यावर असते. म्हणून ती परंपरेबाहेरची, असा युक्तिवाद. आता गंमत अशी, की पोर्शे हे नाव लावून बाहेर पडलेली पहिलीच गाडी, १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी बांधलेली ३५६ क्रमांक एक, मध्यावर इंजिन असलेली होती. परंपराच बघायची तर बॉक्सस्टर मूळ पुरुषाच्या अधिक जवळची ठरते. एवढेच नव्हे, तर २०१७च्या मोसमासाठी कंपनीने शर्यतीतल्या ९११ आरएसआरचे इंजिन मागच्या चाकांच्या पुढे आणून बसवले, तेव्हा तिला मात्र फारसे कुणी 'खोटी ९११' म्हणाले नाही. ती प्रगती ठरली. दुसरी सबब रक्तशुद्धीची. १९६९ची ९१४ फोक्सवागनच्या भागीदारीत निघाली, १९७६ची ९२४ नेकार्सुल्मच्या ऑडी कारखान्यात जोडली जात असे आणि तिच्या इंजिनाचे कूळ फोक्सवागन-ऑडीचे. दोघींनाही बाटलेल्या ठरवायला भक्तांना वेळ लागला नाही. पण त्या आदिम ३५६चे इंजिन तरी कुठून आले होते? बीटलमधून, म्हणजे फोक्सवागनमधूनच. आजोबांना जे चालले ते नातवंडांत कलंक ठरते. १९९६ साली बॉक्सस्टर आली त्याआधीच्या वर्षांत कंपनी आर्थिकदृष्ट्या पार खचलेली होती, आणि तिला वर काढण्यात या 'खोट्या' गाडीचा वाटा मोठा होता. पुढच्याच वर्षी नवी ९११ आली, जिला जाणकार ९९६ या सांकेतिक क्रमांकाने ओळखतात. तिचे पुढचे दिवे बॉक्सस्टरसारखे होते आणि इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होणारे. लगेच भक्तांनी ठरवले की खरी ९११ हवेवर थंड होणारीच. ती मालिका संपली तिथे खरेपण संपले. म्हणजे गाभारा आणखी एक पाऊल आत सरकला, आणि काल गाभाऱ्यात असलेले काही जण आज सभामंडपात आले. निकष आधी आणि निवाडा नंतर, असे इथे एकदाही घडलेले दिसत नाही.

फेरारीच्या घरातही हेच. एन्झो फेरारीने १९५६ साली वारलेल्या आपल्या मुलाच्या, दिनोच्या, नावाने सहा सिलिंडरांची लहान गाडी काढली आणि तिच्यावर फेरारीचा घोडा लावला नाही. वारसाचे नाव मिळाले, घराण्याचे मिळाले नाही. पुढे कित्येक वर्षे दिनो ही 'अर्धी फेरारी' होती. आज संग्राहक तिच्यामागे पैसे घेऊन धावतात, गाडीत एक खिळाही बदललेला नसताना. आपल्याला जवळचे उदाहरण सचिन तेंडुलकरचे. २००२ साली फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून. पुढल्या वर्षी सीमाशुल्काच्या माफीवरून देशभर वाद पेटला, शेवटी शुल्क फियाटने भरले. त्या सगळ्या गदारोळात सरकारने कर माफ करावा का, यावर चहाच्या टपरीपासून न्यायालयापर्यंत बोलणे झाले. पण ती फेरारी कोणती, हे महाराष्ट्रात कुणी विचारल्याचे आठवत नाही. फेरारीच्या अंतर्वर्तुळात मात्र हा प्रश्न पहिला असतो. तिथे बारा सिलिंडरांची गाडी ही थोरली पाती, आणि ३६० पडली आठ सिलिंडरांची. लांबून पाहणाऱ्याला देऊळ दिसते. आत गेलेल्यालाच उंबरठे मोजावेसे वाटतात.

यावर कुणी म्हणेल की हे कोट्यधीशांचे चोचले आहेत, नरसी-हिंगोलीकडच्या सोयाबीन-कापसाच्या मुलखाला त्याचे काय? उलट, संपत्ती बाजूला काढून हा तोरा तपासायचा तर हाच मुलूख बरा. लॅम्बॉर्गिनीचा संस्थापक फेरुचो मूळचा ट्रॅक्टर करणारा. त्याने फेरारीच्या क्लचबद्दल तक्रार केली आणि एन्झोने त्याला ट्रॅक्टरवाला म्हणून झिडकारले, त्या रागातून १९६३ साली नवी कंपनी निघाली, असे सांगतात. खरेखोटे ते दोघेच जाणोत. पण ट्रॅक्टरवाल्यांतही हीच मोजणी कशी चालते ते मराठवाड्यातल्या कुठल्याही बाजारगावात कळते. महिंद्रावाला आणि स्वराजवाला ओढीवरून, डिझेलवरून, चिखलणीवरून तासन्‌तास वाद घालतात, आणि २००७ पासून स्वराज महिंद्राच्याच मालकीची आहे याने त्या वादाला काडीचा फरक पडत नाही. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी कायमची वाट मोकळी करून दिल्यापासून जोडीच्या जातिवंतपणाची चर्चा पुन्हा रंगात आली. आणि गाडीच घ्यायची ऐपत नसेल तर निदान तिचा क्रमांक असतो. ८०५५ हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत असा वळवायचा की 'बॉस' वाचले जावे. ४९१२ला थोडा पीळ दिला की 'पवार' होते. वाहन नियमांना हे मंजूर नाही, पोलिस दंड करतात, आणि दंडाची पावती हाही एक प्रकारचा दाखलाच होऊन बसतो. ऑगस्ट २०२४मध्ये राज्य सरकारने आवडीच्या क्रमांकांचे शुल्क वाढवले. चारचाकीसाठी ०००१ हवा असेल तर बहुतेक जिल्ह्यांत ३ लाखांचे ५ लाख झाले, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ४चे ६. त्या पाच लाखांत गाडीचा वेग ताशी एका किलोमीटरनेही वाढत नाही, आसन मऊ होत नाही. सरकार इथे शुद्ध तोरा विकते, वस्तूची भेसळ न करता. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला यापेक्षा स्वच्छ नमुना मिळणे कठीण.

तरीही आग्रही मनुष्य म्हणेल की निदान शुल्क भरायला पैसा लागतो, म्हणजे मूळ धनातच. म्हणून आता ज्यांनी पैसा, घर, वाहन सगळे मागे ठेवले आहे अशांकडे वळू. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या माउलींच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे त्याच्या कितीतरी पट अधिक. प्रत्येकीला क्रमांक आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जातो, आणि रथापुढची दिंडी हे नुसते स्थान नव्हे, मान आहे. रथाला बैलजोडी कुणाची, यासाठी आळंदीत आधीपासून हालचाल सुरू असते; मान मिळालेल्या जोडीची मिरवणूक निघते. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि सगळा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकले जाते, आणि त्यानंतरच आरती होते. या व्यवस्थेचे मला कौतुक वाटते, कारण तिने माणसाला ओळखले आहे. वीस दिवस अनवाणी चालणारा, पिठलं-भाकरी खाणारा, समोर येईल त्याच्या पायाला हात लावणारा वारकरीसुद्धा रांगेतल्या जागेवरून रुसू शकतो, हे गृहीत धरून तिने रुसव्यासाठी रोज ठरावीक वेळ राखून ठेवली. पण याच व्यवस्थेने एक गोष्ट सिद्धही केली. संपत्ती मागे राहिली तरी मोजणी सोबत येते.

नामदेवांची कथा इथून सुरू होते. परंपरा त्यांचा जन्म शके ११९२, म्हणजे १२७० सालचा, कयाधूकाठच्या नरसीचा सांगते. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा, आणि आयुष्याचे ठिकाण पंढरपूर. त्यांच्याकडे मिरवण्यासारखे काही नव्हते, फक्त एक गोष्ट होती: विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या कीर्तनात नाचतो, असा लौकिक. संतमेळा जमला असताना मुक्ताईने गोरोबाकाकांना त्यांच्या थापटण्याबद्दल विचारले. याने काय करता? मडके पक्के की कच्चे ते पाहतो, म्हणाले. मग ही सगळी मडकीही पाहून टाका. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. बाकीचे मुकाट बसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा ते चिडले, उठले, आणि गोरोबांनी निकाल दिला की एवढे एक मडके कच्चे. या कथेतला खरा घाव त्यानंतरचा आहे. नामदेव तडक पंढरपुरी विठ्ठलाकडे गेले, तक्रार केली, आणि विठ्ठलाने गोरोबांचाच निकाल कायम केला. ज्याच्या जवळिकीच्या जोरावर हा माणूस संतांमध्ये ताठ बसला होता, त्यानेच सांगितले की माझ्याजवळ असणे ही लायकी नव्हे. जा, गुरू कर. इथे मालमत्ता काहीच नाही, सोने नाही, घोडा नाही. मालकी आहे ती देवाच्या सहवासाची, आणि ती ९११च्या किल्लीसारखीच खिशात खुळखुळते आहे. ही कथा आपल्याला आज ज्या तपशिलांत माहीत आहे ते बरेचसे अठराव्या शतकातल्या महिपतींसारख्या चरित्रकारांनी सजवलेले. तेव्हा ती इतिहास म्हणून पुढे करण्याचे कारण नाही. पण संप्रदायाने आपल्या सर्वांत लाडक्या संताबद्दल अशी कथा जपावी, ती लपवू नये, हा स्वतःच एक पुरावा आहे. भक्तीतही हा रोग होतो, आणि जवळच्यालाच आधी होतो, हे संप्रदायाला ठाऊक होते.

मला इथे एक आक्षेप गंभीर वाटतो. गोरोबांची परीक्षा तरी काय वेगळी? एकाने उठून बाकीच्यांचे कच्चे-पक्के ठरवायचे, ही तर उतरंडच झाली. संतांचा आपला अंतर्गत क्लब आणि नव्या सदस्याची खोड मोडणे, एवढाच तिचा अर्थ नव्हे काय? उत्तर असे, की त्या थापटण्याने मोजले एकच: मोजले जाणे तुला सोसते का? भक्ती किती, ज्ञान किती, अभंग किती, यांतले काहीही विचारले गेले नाही. बाकीचे पक्के ठरले ते गप्प राहिले म्हणून, आणि गप्प राहून त्यांना काही मिळाले नाही. पक्क्या मडक्याला कुठला पट्टा बांधला गेल्याचे कथा सांगत नाही. शिवाय परीक्षा करणारा गोरोबा कुंभार हा तेरचा, चिखल तुडवणारा, त्या मेळ्यात ज्ञानदेव-निवृत्तिनाथ बसलेले असताना थापटणे त्याच्या हाती दिले गेले. तरीही आक्षेप पूर्ण मिटत नाही, हे कबूल केले पाहिजे. परीक्षा हा तोऱ्याचा उपचार असला तरी तो रोगाच्याच अवजाराने केलेला उपचार आहे. म्हणूनच कथा तिथे थांबत नाही आणि नामदेवांना औंढ्याला पाठवते.

औंढा नागनाथ आणि नरसी आज एकाच हिंगोली जिल्ह्यात आहेत. औंढ्याच्या देवळाचा गाभारा जमिनीच्या पोटात आहे. अरुंद वाटेने वाकून, जवळजवळ बसत उतरावे लागते, आणि खाली मोजकीच माणसे मावतात. परंपरा सांगते की इथे नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते पिंडीवर पाय टाकून पडलेले. नामदेव संतापले. म्हातारा म्हणाला, मला उठवत नाही, जिथे देव नाही अशा जागी तूच माझे पाय नेऊन ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंडी. हे विसोबा कोण, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आळंदीत संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानदेव-मुक्ताईचा छळ करणारा, मांडे भाजायला त्यांना खापर मिळू न देणारा गावातला कर्मठ तो हाच, असे कथा मानते. म्हणजे शुद्धतेच्या तोऱ्याचे शिक्षण द्यायला संप्रदायाने त्यातून गेलेलाच माणूस निवडला. आणि त्याने नामदेवांना काय शिकवले? नम्र हो, असे नाही सांगितले. नम्रतेचाही क्रमांक लागतो. पंढरपूर सोड, असेही नाही. त्याने मोजणीचे टोकच काढून घेतले. अंतर मोजायला एक स्थिर बिंदू लागतो. देव जर या पिंडीत जितका आहे तितकाच पायाखालच्या दगडात आहे, तर मी जवळ, तू लांब, हे वाक्य चूक ठरण्याआधी निरर्थक ठरते. पुढे कुत्रे पोळी पळवून नेते आणि नामदेव त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावतात ही कथा आपल्याला लहानपणापासून गोड म्हणून सांगितली जाते. खरे तर ती या धड्याचा निकाल आहे. नैवेद्य कुणी खाल्ला, हा प्रश्न त्या माणसाच्या डोक्यातून गेलेला आहे.

पण जागा या धड्याला बधत नाहीत, आणि इथे हिंगोली जिल्हाच साक्षीला येतो. जिथे 'देव नाही अशी जागा दाखव' हे सांगितले गेले त्या औंढ्याचा दुसऱ्या जागांशी जुना वाद आहे: बारा ज्योतिर्लिंगांतला नागेश नेमका कुठला? औंढा म्हणते आमचा, द्वारकेजवळचे नागेश्वर म्हणते आमचा, अल्मोड्याकडचे जागेश्वर म्हणते आमचा. परळी आणि देवघर यांचे वैद्यनाथावरून हेच. फेब्रुवारी २०२३मध्ये आसाम सरकारच्या पर्यटन जाहिरातीत भीमाशंकर गुवाहाटीजवळ दाखवले गेले तेव्हा महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनी जो संताप केला तो भाविकापेक्षा मालकाचा जास्त होता. नामदेवांच्या जन्मगावावरूनही अभ्यासकांत मतभेद आहेत. कुणी पंढरपूर मानतात, कुणी कऱ्हाडकडचे नरसिंगपूर, आणि नरसीचा दावा आहेच, ज्यावर गावाच्या नावानेच शिक्कामोर्तब केले आहे. आषाढ वद्य एकादशीला पंढरपूरहून परतणारे वारकरी परतवारीसाठी नरसीत लोटतात, तेव्हा त्यांतला कुणी हा वाद मनात घेऊन येत असेल असे वाटत नाही. वाद विश्वस्तांचा, लेखकांचा, निधी मागणाऱ्यांचा. मूळ कोण आणि नक्कल कोण, ३५६ आणि ९१४ यांच्यात जो खटला चालतो तोच इथे शिळेवर चालतो, आणि तिथल्यासारखाच इथेही बाहेरच्या माणसाला फरक दिसत नाही.

या टप्प्यावर दोन बाजूंनी हरकत येईल. गाडीशौकीन म्हणेल, तुम्ही पारख आणि तोरा यांची गल्लत करता. ९११ची चालवण्याची मजा खरोखर निराळी असू शकते; भीमसेनांचे गाणे आणि गल्लीतल्या ऑर्केस्ट्राचे गाणे सारखे म्हणायचे का? मुळीच नाही. पारख वस्तूबद्दल बोलते आणि वस्तू बदलली की बोलणे बदलते. तोरा माणसाबद्दल बोलतो आणि वस्तू बदलली तरी माणसाला तिथेच ठेवतो. २०१५ साली पोर्शेने बॉक्सस्टरच्याच कुळातल्या केमनच्या जीटी४ या आवृत्तीत ९११ कॅरेरा एसचेच ३.८ लिटरचे इंजिन बसवले. पारखी लोकांनी ती गाडी डोक्यावर घेतली, अनेकांनी तिला त्या काळच्या ९११पेक्षा गोड म्हटले. तोरेबाजांनी मात्र लगेच ती अपवाद ठरवली आणि साध्या केमनवाल्याला होता तिथेच ठेवले. पुरावा आल्यावर मत हलते की अपवादाची नवी ओवरी बांधली जाते, यावरून दोघे वेगळे ओळखू येतात. दुसरी हरकत अधिक जड आहे, आणि ती सामाजिक बाजूने येते. औंढ्यातच नामदेवांना कीर्तनाला मज्जाव झाला, ते देवळाच्या मागे जाऊन बसले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले, असे सांगतात. तिथला नंदी मागच्या बाजूला आहे याचे कारणही हेच दिले जाते. जातीवरून हाकलले जाण्याचा आणि देऊळ फिरण्याचा हा प्रसंग गुरू ग्रंथ साहिबातल्या नामदेवांच्या एका शबदातही आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, उंबऱ्याबाहेर आहे, आणि विठ्ठलाचे दार सर्वांना उघडायला १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. या वेदनेशेजारी बॉक्सस्टरवाल्याचा रुसवा ठेवणे हा उद्धटपणा नव्हे का? परिणामांच्या बाबतीत नक्कीच उद्धटपणा होईल. बॉक्सस्टर विकून ९११ घेता येते, जात विकता येत नाही. पण यंत्रणा तीच आहे, आणि ती निरुपद्रवी जागी पाहता आली तर तिचे सुटे भाग स्पष्ट दिसतात: सरकता निकष, आत सरकणारा गाभारा, अपवादांच्या ओवऱ्या, आणि आजोबांना माफ असलेले पाप. शिवाय 'विकत घेता येते' हेही सर्वस्वी खरे नाही. फेरारीच्या मोजक्या संख्येत निघणाऱ्या गाड्या कंपनी निवडेल त्यालाच मिळतात. आधीच्या गाड्या किती घेतल्या, वागणूक कशी होती, हे पाहिले जाते. पैसा असून उंबऱ्याबाहेर थांबण्याचा अनुभव धनिकांनाही थोडासा मिळतो, आणि त्यातून त्यांना काही शिकायला मिळाल्याचे मात्र ऐकिवात नाही.

धर्माने या जगात शिरून ते पवित्र करावे, हा उपायही करून झाला आहे. एन्झो नावाच्या फेरारी मॉडेलच्या ४००व्या गाडीची भेट पोप जॉन पॉल दुसरे यांना गेली आणि २००५ साली त्सुनामीग्रस्तांसाठी तिचा लिलाव झाला. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांना लॅम्बॉर्गिनीने हुराकान दिली. त्यांनी तिला आशीर्वाद दिला, तिच्यावर सही केली, आणि पुढल्या वर्षी तीही दानासाठी विकली गेली, ७ लाख १५ हजार युरोंना. पैसा सत्कारणी लागला यात वाद नाही. पण त्या सहीने गाडीची किंमत चढली, कारण आता ती गाभाऱ्याला शिवून आलेली गाडी होती. नामदेवांच्या बाबतीत हेच अधिक हृद्य रीतीने घडले. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी महाद्वाराच्या पायरीशी समाधी मागितली, १३५० साली. सगळ्यांत खालची जागा, जिच्यापुढे कुणी कमी नाही. आज भाविक त्या पायरीवर पाय ठेवत नाहीत. ती टाळून पलीकडे पाऊल टाकतात आणि तिच्यावर डोके टेकवतात. मागितले ते मिळाले नाही, मान मिळाला. लोकांच्या प्रेमाला दोष देता येत नाही, पण त्या प्रेमाने विसोबांचा धडा दारातच उलटा केला हेही खरे.

मग क्रम असू शकतो आणि उतरंड नसते, असे कुठे दिसते का? नामदेवांच्याच आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला दिसते. परंपरेप्रमाणे उत्तरायुष्यातला मोठा काळ त्यांनी पंजाबात काढला. गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांचे ६१ शबद आहेत. तो ग्रंथ क्रमाशिवाय नाही. रचना रागांनुसार लावल्या आहेत. प्रत्येक रागात आधी गुरूंची वाणी, मग भक्तांची, आणि भक्तांतही बहुधा कबीर, नामदेव, रविदास असा क्रम. विणकर, शिंपी, चांभार. कुणी म्हणेल, पाहा, इथेही रांग. पण त्या ग्रंथाचा रोजचा वापर पाहिला की रांगेचा अर्थ बदलतो. पहाटे ग्रंथ उघडला जातो आणि जे पान निघेल त्यावरचा शबद त्या दिवसाचा हुकूम म्हणून वाचला जातो. तो कधी गुरू अर्जनांचा असतो, कधी रविदासांचा, कधी नरसीच्या शिंप्याचा, आणि अमृतसरला दरबार साहिबात निघालेला हुकूम त्या दिवशी जगभरच्या शीख घरांत पोचतो. रांगेत मागे असलेल्याचा शब्द तेव्हा पुढच्याच्या शब्दाहून तसूभर कमी मानला जात नाही. कारण ग्रंथाचा जो भाग उघडतो तो त्या वेळी गुरूच असतो. शोधण्याची सोय म्हणून क्रम राहिला आणि त्याचे मोल झाले नाही. मोटारीच्या मालकांना असे काही जमेल का, ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या गाड्यांची यादीसुद्धा मॉडेलच्या आकड्यांनी लावलेली असते, आणि ९१४ हा आकडा ९११च्या नंतर येतो एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही.